बिघडलेला मालक आणि त्याचा हॉब्सन : 'आर्थर' १९८१ आणि २०११

वैनगंगाकाठ | शनिवार, रात्री ९:५०

पोळ्याला नागपूरहून भाचा आला होता. त्याच्या लॅपटॉपवर लागोपाठ दोन रात्री दोन सिनेमे पाहिले. पहिल्या रात्री १९८१ चा 'आर्थर', दुसऱ्या रात्री त्याचाच २०११ मधला नवा अवतार. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीत, म्हणून हा धागा.

ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. न्यूयॉर्कमधला आर्थर बाख वयानं मोठा, पण अंगात पोरपणा. हातात सतत ग्लास, कामाचा पत्ता नाही, पैसा मात्र न संपणारा. जुन्यात ७५ कोटी डॉलर, नव्यात ९५ कोटी. घरचे सांगतात, सुझन जॉन्सन या श्रीमंत घरच्या मुलीशी लग्न कर, नाहीतर एक पैसा मिळणार नाही. नेमका त्याच वेळी याचा जीव एका साध्या मुलीवर जडतो. जुन्यातली लिंडा हॉटेलात वाढायचं काम करते आणि बापाच्या वाढदिवसासाठी दुकानातून टाय चोरते. नव्यातली नेओमी परवाना नसताना पर्यटकांना शहर दाखवते आणि मुलांसाठी गोष्टी लिहायचं स्वप्न बाळगते.

पण मला लिहायचंय ते हॉब्सनबद्दल. लहानपणापासून आर्थरला सांभाळणारा हा घरचा नोकर. जुन्या सिनेमात जॉन गिलगुड. सत्त्याहत्तरीतल्या या माणसाला याच भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. चेहऱ्यावरची रेषही न हलवता तो मालकाची बिनपाण्यानं करतो, आणि मालकावर एवढी माया दुसऱ्या कुणाचीच नाही हे आपल्याला कळत राहतं. नव्या सिनेमात हॉब्सन बाई आहे. आर्थरला वाढवणारी दाई. हेलन मिरेननं केलीय.

आता मला हे का लागलं ते सांगते. आमचं गाव ब्रह्मपुरी तालुक्यात, नदीच्या अलीकडे. गावात मालगुजारांचा, म्हणजे जुन्या जमीनदारांचा, वाडा. मालगुजारी १९५१ साली गेली, गावचा तलाव सरकारकडे गेला, पण वाडा राहिला आणि धानाच्या बांध्याही बऱ्याच राहिल्या. माझा आजा बारा वर्षांचा असताना त्या वाड्यावर लागला आणि म्हातारा होईस्तोवर सालदार राहिला. दर गुढीपाडव्याला साल ठरायचं आणि दर गुढीपाडव्याला आजा तिथंच ठरायचा. धाकटे मालक त्याच्या खांद्यावर वाढले. त्याच्याच खांद्यावर बसून त्यांनी शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, पाहिल्या, आणि मोठे झाल्यावर रात्री पिऊन पडले की त्याच खांद्यावरून घरी आले. नुसता खांदाच, आजा तोंडानं कधी काही बोलला नाही. एक शब्द नाही.

म्हणून गिलगुडचा हॉब्सन पाहताना मी रडले. जे आजाला कधी बोलता आलं नाही ते हा माणूस मालकाच्या तोंडावर बोलतो.

नवा मला सैल वाटला. हॉब्सन बाई केली की रागावणं आईचं होतं, आणि आईनं रागवावं यात काय विशेष? नोकरानं रागवावं यात जी धार आहे ती गेली. शिवाय शेवटी आर्थरची दारू सोडवलीय. जुन्यात ती सुटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

पांढरंसोनं | शनिवार, रात्री ११:१५

ताई, छान लिहिलं. पण मधला एक राहिला ना. 'शराबी', १९८४, प्रकाश मेहरा. गोष्टीचं बी 'आर्थर'चंच. आमच्या दारव्हा-दिग्रस भागात इंग्रजी आर्थर कुणाले माहीत नाही, पण अमिताभचा विकी कपूर म्हाताऱ्यांनाही पाठ आहे. ओमप्रकाशचे मुन्शी फूलचंद म्हणजे आपला देशी हॉब्सनच.

मला एक फरक मोठा वाटतो. १९८१ चा आर्थर काऊन पितो, याचं कारण सिनेमा देतच नाही. त्याले आवडते म्हणून पितो. आपल्याले ते चालत नाही. आपल्या नायकाच्या दारूले दुःख पाहिजे. म्हणून 'शराबी'त आई नाही, आणि बाप, म्हणजे प्राण, धंद्यात एवढा बुडालेला की लेकाकडे पाहायले सवड नाही. मूळ सिनेमात बाप दोन-चार प्रसंगांपुरता. इथं सगळी गोष्ट बाप-लेकाची झाली. नुसती नक्कल करणाऱ्याले हे सुचत नाही. कोणत्या घरात दारू कशी समजून घेतात, हे ओळखून केलेला बदल आहे तो.

तिसरी_घंटा | रविवार, सकाळी ७:३०

मी झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्याच्या, नाटकात काम करतो, अठरा सीझन झाले. वडशाहून आमची कंपनी निघते. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाली की होळीपर्यंत रोज नवं गाव. रात्री दहाला पडदा वर, पहाटे खाली. त्यातले निदान दहा सीझन मी पाटलाच्या बिघडलेल्या पोराची नाहीतर गावच्या दारुड्याची भूमिका केली आहे. म्हणून या विषयावर बोलायचा थोडा हक्क सांगतो.

दारुडा करताना नवा नट झोकांड्या खातो, जीभ जड करतो. लोक पाच मिनिटं हसतात, मग कंटाळतात. जुन्या नटांनी आम्हाला शिकवलं ते वेगळं : पिलेला माणूस सरळ चालायचा जिवापाड प्रयत्न करत असतो, तो प्रयत्न दाखव. डडली मूरमध्ये मला हेच दिसलं. उंचीनं ठेंगणा माणूस, मुळात पियानोवाला, ऑक्सफर्डला ऑर्गन शिकलेला. त्याचा ताल चुकत नाही. स्वतःच्याच विनोदावर तो खदखदून हसतो तेव्हा सोबतचे कुणी हसत नसतात, आणि तेवढ्यात त्याचा एकटेपणा समजतो. त्या वर्षी त्यालाही ऑस्करचं नामांकन होतं.

रसेल ब्रँड उंच, सडसडीत, तोंडाचा पट्टा सुरू. तो खऱ्या आयुष्यात व्यसनातून गेलेला आणि सिनेमाच्या आठ-नऊ वर्षं आधीच सगळं सोडलेला. मला वाटायचं की असा माणूस ही भूमिका आतून करेल. पण त्याचा आर्थर नशेत वाटतच नाही, नुसता वात्रट वाटतो. बॅटमॅनचा पोशाख घालून गाडी पळवतो तो सुरुवातीचा भाग पाहा. तिथं दारू नसती तरी काही बिघडलं नसतं.

पुन्हा केलं म्हणून मात्र मी कुणाला नावं ठेवणार नाही. आमचं नाटक एका सीझनमध्ये शंभर गावांत होतं, आणि प्रत्येक गावात ते थोडं बदलतं. प्रेक्षक समोर बसलेला असतो, त्याच्याकडे पाहून बदलतं.

चिमूरची_माय | रविवार, दुपारी २:०५

मी एरवी इथं वाचतेच फक्त. आज लिहिते.

मला जुना आर्थर पाहवला नाही. अर्ध्यात बंद केला. तुम्ही सगळे नटाच्या तालाबद्दल बोलता, ते खरंच असेल. पण डिसेंबर २०१० मध्ये आमच्या भागातल्या बाया चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत पायी गेल्या, चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी करा म्हणून. मी त्यांत होते. पायाला फोड आले होते, सोबतच्या एकीच्या कडेवर पोर होतं. १ एप्रिल २०१५ ला बंदी आली. २०२१ मध्ये उठली. मधल्या सहा वर्षांत चोरून मिळत नव्हती असं मी म्हणणार नाही, पण चौकात उघडी दुकानं नव्हती आणि संध्याकाळी बायांना रस्त्यानं जाता येत होतं.

आर्थर प्यायला तर त्याला घरी आणायला रोल्स-रॉइस आहे, चालवायला बिटरमन आहे, अंथरुणाशी हॉब्सन आहे. आमच्या घरी आणायला माझा दहा वर्षांचा भाऊ सायकल घेऊन जायचा. बाबांना मागच्या कॅरियरवर बसवायचा आणि सायकल हातानं ढकलत आणायचा, कारण बसून चालवली तर दोघं पडायचे.

जुन्या सिनेमात एक जागा मात्र मला पटली. मैत्रिणीनं ती पुढं सरकवून दाखवली. आर्थर म्हणतो पैसा सोडतो, लिंडा बस. तेव्हा हॉब्सन त्याला ऐकवतो की गरीब दारुड्याला कुणी प्रेम देत नसतं, त्याच्या तोंडात दातसुद्धा उरत नाहीत. खरं बोलला तो. सगळा सिनेमा याच वाक्यावर उभा करायला हवा होता.

नवा मी पूर्ण पाहिला. त्यात हॉब्सन त्याला दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीला घेऊन जाते. शेवटी तो सोडतो. नट कमी असेल, विनोद फसले असतील, मला चालतं. मला सुटलेला माणूस पाहायचाय.

कारंजेकर | रविवार, रात्री ८:४०

चिमूरच्या ताईंना नमस्कार. तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

आमच्याकडे आर्थर अलीकडे तयार झाले. समृद्धी महामार्ग आमच्या कारंज्यावरून जातो. ज्यांची जमीन गेली त्यांच्या खात्यात अशी रक्कम आली जी त्यांच्या चार पिढ्यांनी मिळून पाहिली नव्हती. अनेकांनी शहाणपणानं वापरली. दुसरीकडे शेती घेतली, पोरींची लग्नं केली, पोरं शिकवली. पण माझ्या चुलतभावानं पहिल्या महिन्यात गाडी घेतली, दुसऱ्या महिन्यात धाब्यावर रोज वीस जणांचं बिल देऊ लागला. सहा वर्षांत गाडी विकली, आता दुसऱ्याच्या शेतात सोयाबीन काढायला जातो. वाईट माणूस नाही हो तो. आर्थरसारखाच आहे, मायाळू, कुणी काही मागितलं तर नाही म्हणत नाही.

काका एकदा ओट्यावर बसून म्हणाले, पैशासोबत पैसा सांभाळणारा माणूस येत नाही रे. वाड्यातल्या पोराले निदान दिवाणजी होता, सालदार होता. माह्या पोराले कोण होतं? मी होतो, तर माह्यं तो आयकत नव्हता.

म्हणून १९८१ चा शेवट मला खटकतो. लग्न मोडलं, पैसा गेला, आर्थर उघड्यावर पडायला आला, आणि आजी म्हणते की आपल्या घराण्यात आजवर कुणी कष्टकरी झालेला नाही, घे ७५ कोटी. पैसाही मिळाला, पोरगीही मिळाली. हसू येतं खरं, पण चुलतभावाला कोणती आजी आहे?

पांढरंसोनं | रविवार, रात्री ९:२०

कारंजेकर भाऊ, तो शेवट लिहिणाऱ्या दिग्दर्शकाचं, स्टीव्ह गॉर्डनचं, पुढं काय झालं माहीत आहे का? पहिलाच सिनेमा दिग्दर्शित केला, पटकथेले नामांकन मिळालं, आणि १९८२ मध्ये वारला. दुसरा सिनेमा झालाच नाही. १९८८ मध्ये दुसरा भाग आला तो इतरांनी केला, त्यात आर्थरचा पैसा खरंच जातो. म्हणजे तुमचा प्रश्न त्यांच्याही मनात आलाच असेल.

झेंडूचं_फूल | सोमवार, सकाळी १०:१०

वर्ध्याहून. आमचा जिल्हा गांधीजींचा म्हणून कधीपासूनच कोरडा. किती कोरडा ते इथले लोक जाणतात. मला चिमूरच्या ताईंचं म्हणणं पटलं, आणि लिंडाही आवडली. चोरी पकडली गेल्यावर ती घाबरत नाही, दुकानाच्या रखवालदाराशी भांडते. नव्या सिनेमातल्या नेओमीचं सगळंच गोड करून टाकलंय.

वैनगंगाकाठ | सोमवार, रात्री १०:००

सगळ्यांचं वाचलं. चिमूरच्या ताई, तुमच्या भावाच्या सायकलीपुढं माझं 'धार गेली' वगैरे लिहिणं मला हलकं वाटलं. पण माझं म्हणणं अजून तेच आहे, कारण सांगते.

आजा गेला १९९४ च्या कार्तिकात. धान कापणीला आलेलं. छाती भरून यायची, दवाखान्यात नेलं, त्यांनी आठ दिवसांनी घरी पाठवलं. धाकट्या मालकांना कळलं तसे ते आमच्या घरी आले. वाड्यातला माणूस आमच्या घरात पहिल्यांदा आला. बाजेशेजारी जमिनीवर बसले. तीन दिवस बसले. चमच्यानं पाणी पाजलं, पेज भरवली, आजाचे पाय चेपले. मी नऊ वर्षांची होते, दारात उभी राहून पाहत होते. ज्या घरात आम्ही अंगणाच्या पुढं जात नव्हतो त्या घरचा माणूस माझ्या आजाचे पाय चेपतोय.

आणि त्या तीनही दिवसांत त्यांच्या तोंडाला मोहाच्या दारूचा वास होता. आजा गेल्यावरही सुटली नाही. सहा वर्षांनी तेही गेले.

१९८१ च्या सिनेमात हॉब्सन दवाखान्यात असतो तेव्हा आर्थर तिथंच मुक्काम ठोकतो, खोली खेळण्यांनी भरून टाकतो. पोराला दुसरं काय सुचणार? त्या दिवसांत तो पीत नाही. हॉब्सन जातो, आणि हा पुन्हा बाटली उचलतो. मला तो खरा वाटतो. माया खरी होती आणि तरी दारू सुटली नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

चिमूरची_माय | सोमवार, रात्री १०:४५

ताई, वाचून गलबलून आलं. तुमचं खोटं म्हणत नाही.

एक विचारू? राग मानू नका. एवढं सगळं आजाबद्दल लिहिलंत. तुमची आजी कुठं होती?

वैनगंगाकाठ | मंगळवार, रात्री ११:३०

काल तुमचा प्रश्न वाचून मी तशीच बसून राहिले. आजी वाड्यावरच होती. चुलीवर. चाळीस वर्षं वाड्याचा स्वयंपाक तिच्या हातचा. धाकट्या मालकांची आई बाळंतपणात आजारी पडली तेव्हा त्यांना आजीनंच अंगावर पाजलं होतं. आमच्या घरी हे सगळ्यांना माहीत आहे, आणि वर एवढं लिहूनही माझ्या लिहिण्यात ती आली नाही.

आज शाळा सुटल्यावर आईकडे गेले आणि विचारलं. आई म्हणाली, तुझा आजा नाही बोलला कधी, पण बुढी बोलायची ना. एकदा पोळ्याच्या खांदेमळणीला मालक भर दुपारी बाटली घेऊन गोठ्यात बसले होते. सगळे गडी खाली मान घालून बैलांचे खांदे लोण्यानं मळत होते. आजी चुलीवरून उठून गेली, त्यांच्या हातातली बाटली घेतली आणि गव्हाणीत ओतली. म्हणाली, "तुले मीनं ह्या हातानं न्हाऊ घातलं. आता ह्याच हातानं तुह्या मढ्याले पानी घालाले लावतं का रे बाबू?" मालक उठले, काही न बोलता वाड्यात गेले. त्या दिवशी प्यायले नाहीत. दुसऱ्या दिवशी प्यायले.

मालकाला 'अरे' म्हणणारं गावात एकच माणूस होतं आणि ते आमच्या घरात होतं. आजाला जे बोलायची सोय नव्हती ते तिला होती, कारण तिनं दूध पाजलं होतं.

काल रात्री नवा 'आर्थर' पुन्हा लावला. फक्त हेलन मिरेनचे प्रसंग. मी आधी लिहिलं की आईनं रागवावं यात काय विशेष. ते मागे घेते. ती त्याची आई नाही. पगारी बाई आहे. आई दुसरी, ती कंपनी चालवते आणि अटी घालते. पोर दुसऱ्याचं, घर दुसऱ्याचं, उद्या हाकललं तर जायला जागा नाही, आणि तरी ती बोलते. गिलगुडपेक्षा तिला गमवायला जास्त आहे. तिकडच्या समीक्षकांनी हा सिनेमा झोडपला, आणि आर्थरच्या बाबतीत मीही त्यांच्याच बाजूची. पण हॉब्सन बाई करणाऱ्यानं काहीतरी पाहिलं होतं, ते मला दिसलं नव्हतं.

कारंजेकर | बुधवार, सकाळी ६:५०

सकाळी चहा घेताना वाचलं. चुलतभावाला फोन केला. विशेष काही बोललो नाही, पण केला.

तिसरी_घंटा | बुधवार, दुपारी १:१५

ताई, एक मागणं आहे. यंदाच्या सीझनला आमच्या लेखकाला नवी गोष्ट हवी आहे. मागच्या सीझनचं तेच पाटलाचं पोरगं, तीच झोकांडी, मलाच नको झालंय. तुमची हरकत नसेल तर ही गोष्ट घेऊ. गावाचं, घराण्याचं नाव येणार नाही. बांधीवरचा सालदार, वाडा, धाकटा मालक. शेवटी मालक बाजेशेजारी बसतो तिथं ऑर्गनवर नुसता एक सूर ठेवायचा, गाणं नाही.

वैनगंगाकाठ | बुधवार, रात्री ९:००

भाऊ, घ्या. आईला विचारलं, ती हो म्हणाली. तिची एक अट आहे आणि माझी एक.

आईची अट : गव्हाणीत बाटली ओतायचा प्रसंग पाहिजेच, आणि तो मंचावर सगळ्यांसमोर, पडद्यामागून सांगितलेला नको.

माझी अट : दुसऱ्या दिवशी मालक पुन्हा पितो, तेही राहू द्या. चिमूरच्या ताईंना हे आवडणार नाही, मला माहीत आहे.

चिमूरची_माय | बुधवार, रात्री ९:२५

राहू द्या. पण मग तिसऱ्या दिवशी आजी पुन्हा ओतते, तेही दाखवा.

तिसरी_घंटा | बुधवार, रात्री ९:४०

दाखवतो. तालीम दसऱ्यानंतर वडशाला सुरू होते. आजीच्या भूमिकेला बाई शोधतोय, झाडीबोली घरची असलेली. पहिला प्रयोग ब्रह्मपुरीकडच्या मंडईत लावायचा प्रयत्न करतो. तुमच्या आईंना पुढच्या रांगेत जागा ठेवतो.